ओठांतल्या ओठांत

११ ऑगस्ट

यज्ञेशने ऑफिसात मिळालेली डायरी आणून दिली. म्हणाला, "बाबा, आतापासून लिहायची सवय करा. नंतर सोपं जाईल." नंतर म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

उद्या ठाण्याला दाखल व्हायचं, मंगळवारी ऑपरेशन. स्वरयंत्रावर गाठ आहे, आता बाहेर पसरायला लागलेली. डॉक्टर म्हणाले, "आत गेल्यावर कळेल किती वाचवता येतं ते. पण पूर्ण काढायची तयारी ठेवा." मी पहिलं वाक्य घरी घेऊन आलो. दुसरं घरच्यांनी आणलं.

आज संध्याकाळी गावदेवीच्या देवळात गायलो. गळा सहा महिने घोगरा आहे, वरच्या पट्टीत हवाच येते, तरी कोणी उठून गेलं नाही. पोरांनी फोन काढून रेकॉर्ड केलं. माझ्या मागे बसून झील धरणारा हितेश गाता गाता रडत होता. मला त्याचा राग आला. मी जिवंत आहे अजून.

सगळे गेल्यावर देवीसमोर बसलो आणि मोकळेपणी सांगितलं. पस्तीस वर्षं तुझ्या दारात गायलो. शीळफाट्यापासून कल्याणपर्यंत गोपीनाथबुवा म्हटलं की माणसं बसायला जागा धरतात, ते तुझ्यामुळे. गावात कधी बिदागी घेतली नाही. आता माझा गळा तेवढा सांभाळ. गुरवाने कौल लावला. फूल उजवीकडे पडलं. मनावरचा धोंडा उतरला.

माझी बायको कमळा मागे खांबाजवळ उभी होती, डोळे मिटून. घरी येताना तिने चपला हातात धरलेल्या. विचारलं तर म्हणाली, "चावतात ओ."

१९ ऑगस्ट, हॉस्पिटल

पूर्ण काढलं.

गळ्याच्या खाली भोक आहे, तिथून श्वास घ्यायचा. नाकात नळी आहे, तिच्यातून जेवण. नाकातोंडाचा आता श्वासाशी संबंध नाही. सिस्टरने कागदावर चित्र काढून दाखवलं. मुलगी हुशार आहे, पण मी चित्राकडे बघितलं नाही.

यज्ञेशने लिहून पुसायची पांढरी पाटी आणली आहे, वर पेन बांधलेलं. त्याच्यावर पहिली गोष्ट मी लिहिली ती 'फूल उजवीकडे पडलेलं'. कमळाने वाचलं आणि पाटी पुसून टाकली.

२ सप्टेंबर

घरी आलो. नळी निघाली. पातळ भात चालतो.

उदबत्तीचा वास येत नाही. सुकट भाजत होते शेजारी, तोही नाही. हवा नाकातून जातच नाही, तर वास कुठून येणार, हे आता कळलं. आंघोळीला गळ्यावर फडकं धरून बसायचं, पाणी भोकात गेलं तर माणूस बुडतो म्हणे. खाडीत पोहलेला माणूस मी, आता तांब्याला भितो.

सकाळी देवघरापुढे बसायची सवय होती. आज तिकडे पाठ करून बसलो. पूजा कमळाने केली. तिचा चहा बिनसाखरेचा होता. शुगर निघाली असेल आणि मला सांगत नसेल. तपासून घ्यायला पाहिजे.

७ सप्टेंबर

गणपती बसले.

दरवर्षी आमच्या ओटीवर मंडळाचं भजन असतं. मी पाटीवर 'या वर्षी नको' लिहिलं, पण यज्ञेश म्हणाला, माणसं येणारच, त्यांना काय सांगू. आली. पेटी माझी होती, हितेशने मांडीशी घेतली. घ्यायच्या आधी माझ्या पाया पडला. मी मान हलवली आणि वरच्या खोलीत गेलो.

खालून आवाज येत होता. हितेश चांगला गातो. माझ्याच जागा घेतो, मी शिकवलेल्या. त्याने एक तान घेतली, ती मी चुकीची घ्यायचो, तोही तशीच चुकीची घेतो. तिथे मला रडू आलं.

रडायलाही गळा लागतो हे मला माहीत नव्हतं. तोंड उघडतं, छाती हलते, भोकातून फक्त हवा फसफसते. सान्वी जिन्यावरून वर आली. सहा वर्षांची आहे. माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही हसताय का?"

मी मान हलवली, हो म्हणून. मग तीही हसली आणि मोदक ठेवून गेली.

१२ सप्टेंबर

गौरी-गणपती गेले. विसर्जनाला गेलो नाही.

देव नाही असं मी म्हणत नाही. असेल. पण त्याला माझं काही पडलेलं नाही हे मला कळलं. पस्तीस वर्षं एखाद्याच्या दारात गात राहावं आणि आत माणूसच नसावा, तसं झालं. कमळा अनवाणीच तलावावर गेलेली, परत आली तेव्हा टाचेतून रक्त येत होतं. एवढी काय काटकसर. मी मलम लावून दिलं. ती माझ्या डोक्याकडे बघत होती. मी वर बघितल्यावर तिने तोंड फिरवलं.

३० सप्टेंबर

शेक सुरू झाला, म्हणजे रेडिएशन. सात आठवडे, रोज, शनिवार-रविवार सोडून. हॉस्पिटल घोडबंदर रोडला, जायला दीड तास, यायला त्याहून जास्त. यज्ञेशने अर्धा दिवस घरून काम करायचं मागून घेतलं आहे.

तोंडाच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात. तो घालून टेबलाला खिळवतात, मान हलू नये म्हणून. गळ्याच्या जागी भोक ठेवलं आहे. मग सगळे बाहेर जातात आणि जाड दरवाजा बंद होतो. मला आधी सांगितलेलं, काही झालं तर हात वर करा, आम्ही कॅमेऱ्यात बघतो. मशीन फिरायला लागलं आणि भोकात कफ आला. श्वास अडकला. ओरडायला गेलो. ओरडायला काय आहे माझ्याकडे. हात वर करायचा हे आठवेना.

शेवटी हात हलला असेल, ते धावत आले. साफ केलं. मी उठून बाहेर जाऊन बसलो आणि पाटीवर लिहिलं, 'मला नको हे.' टेक्निशियन पोरगी माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काका, पाच मिनिटांनी परत बघू. नाही जमलं तर उद्या."

पाच मिनिटांनी गेलो. दरवाजा बंद झाला. एकही अभंग आठवला नाही. शेकड्यांनी पाठ आहेत, एकाची ओळ येईना. मनात एवढंच आलं, मला भीती वाटते. तेच परत परत म्हणत राहिलो. मला भीती वाटते, मला भीती वाटते. कोणाला सांगत होतो माहीत नाही. मशीन थांबलं तेव्हा ओठ हलत होते.

१ ऑक्टोबर

तळघरात बाकं आहेत, तिथे नंबर येईपर्यंत बसायचं. माझ्या शेजारी कोलशेतचा एक कोळी असतो, शिवराम. साठीचा. गालाचा आणि जबड्याचा आजार, तोंडाला पंचा लावून बसतो. बोलतो, पण अर्धं कळतं. त्याची बायको रमाबाई सोबत असते, ती उरलेलं सांगते.

त्याचे ओठ पंच्याखाली सारखे हलत असतात. मी बघत होतो ते रमाबाईने पाहिलं.

"देवाशी बोलतान ते," ती म्हणाली. "दिवसभर. मना पन येवढा बोलत नाय."

मी पाटी काढली आणि लिहिलं, 'काय मागता?' रमाबाईने वाचून दाखवलं. शिवरामने पंचा बाजूला केला.

"मागत नाय. नावां घेतो."

"कोनाची?" हे रमाबाईनेच विचारलं, माझ्याकडे बघून. तिला उत्तर माहीत असणार.

"सगल्यांची. ती निली साडीवाली बाय आत गेलीय, तिचा. हा पोर बसलाय टोपीवाला, त्याचा. तुमचा नाव मना ठावं नव्हता. मी 'पांढरा शर्टवाला' बोललो."

मी पाटीवर नाव लिहिलं. रमाबाईने वाचलं, "गोपीनाथ." त्याने दोनदा म्हणून बघितलं. ग ला त्याचा जबडा दुखत होता.

९ ऑक्टोबर

आज गाडी बंद पडली म्हणून आम्ही उशिरा पोचलो. शिवरामने आपला नंबर मागे टाकून माझ्यासाठी जागा धरली होती. रमाबाई वैतागलेली. "बारा वाजल्यापास्ना बसलाव. सांगतान, बुवा येवंदे."

मी बुवा हे त्यांना यज्ञेशने सांगितलेलं दिसतं. मला ते आवडलं नाही.

मी लिहिलं, 'देव ऐकतो असं वाटतं तुम्हाला?' लिहिताना जोर लागला, पेनाचं टोक आत गेलं.

शिवरामने पंच्याने तोंड पुसलं. मग तो जे म्हणाला, ते रमाबाईच्या मदतीने मला कळलं ते असं. थंडीत खाडीवर धुकं पडायचं तेव्हा शेजारची होडी दिसायची नाही. मग हाका मारायच्या. कधी उलट हाक यायची, कधी नाही यायची. "जवाब आला नाय म्हनून गप नाय बसायचा. दुसरा कोन आसल धुक्यात, त्याला कलतं, आपला मानूस हाय तिथं."

"आनि कोनी नसल तर?" रमाबाई म्हणाली.

"नसल तर नसल. हाक मारल्याव आपली भीती कमी व्हते."

मला हे पटलं असं नाही. पण आत मुखवट्याखाली मी तेच करतो आहे हे डोक्यात आलं, आणि मी ते झटकून टाकलं.

येताना यज्ञेशला जांभळी नाक्याला थांबायला लावलं आणि कमळासाठी मऊ तळाच्या चपला घेतल्या. तिने हातात घेऊन बघितल्या, छान आहेत म्हणाली आणि परत खोक्यात ठेवल्या. "दिवाळीला घालीन." सूनबाई दिपिका काहीतरी बोलायला गेली, "बाबा, आई ना..." तर कमळाने तिच्याकडे बघितलं आणि ती गप्प झाली. सासू-सुनेचं काहीतरी असतं, आपण पडू नये.

१६ ऑक्टोबर

गळ्याची कातडी काळी पडली आहे. गिळताना काचा गिळल्यासारखं.

शिवराम वाळला आहे. त्याला आत नेताना त्याने माझा हात धरला. "मी आत आसलो की माझा नाव घ्याल का?"

मी लिहिलं, 'मी आता देवाचं काही करत नाही.' रमाबाईने ते वाचायला वेळ लावला. वाचावं की नाही असं तिला झालं असेल. हळू आवाजात वाचलं. मला वाटलं शिवरामला वाईट वाटेल. तो हसला, पंच्यातून लाळ गळली.

"मंग नुसता नाव घ्या. बाकीचा त्याचा तो बगल."

दरवाजा बंद झाला. वर लाल दिवा लागला. मी बाकावर बसून शिवराम म्हटलं. ओठांतल्या ओठांत, आवाज असण्याचा प्रश्नच नव्हता. शिवराम, शिवराम. एखाद्याच्या दारावर टकटक करावी तसं. लाल दिवा विझेपर्यंत म्हणत राहिलो. रमाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिने पदराने डोळे पुसले. मला अवघड झालं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. गाताना माझं लक्ष नेहमी समोरच्यांवर असायचं. कोण डोलतंय, कोण उठलं, आवर्तनाच्या शेवटी कोण वाहवा म्हणतं. आज समोर कोणी नव्हतं आणि माझं लक्ष कुठेच गेलं नाही.

२४ ऑक्टोबर

बाक रिकामं होतं. रमाबाई एकटी जिन्याजवळ उभी होती. काल घरी शिवरामच्या तोंडातून रक्त आलं, थांबेना. वरच्या मजल्यावर ठेवलं आहे. शेक बंद केला.

माझा नंबर झाल्यावर मी वर गेलो. यज्ञेशने अडवलं नाही. शिवराम पांढरा पडलेला, डोळे अर्धे उघडे. मला ओळखलं. रमाबाई म्हणाली, "बुवा, तुमी बोला त्यांच्याशी. माझा कय आयकत नाय ते. तुमी देवाची मानसं."

मी पाटी काढली नाही. काय लिहिणार होतो. स्टूल ओढून बसलो, त्याचा हात धरला. आणि मागितलं. नुसतं नाव घेऊन नाही भागलं माझं. याला ठेव म्हटलं. या बाईला कोणी नाही, मुलं झाली नाहीत, याला ठेव. पस्तीस वर्षांचा हिशेब मी काढला नाही. देण्यासारखं माझ्याकडे काही नाही हे मला माहीत होतं आणि तरी मागत होतो. सिस्टर येऊन उठवेपर्यंत मागितलं.

गाडीत यज्ञेश म्हणाला, "बाबा, तुमचा चेहरा वेगळा दिसतोय. त्रास होतोय का?" मी नाही म्हणून मान हलवली.

२६ ऑक्टोबर

शिवराम गेला. सकाळी.

रमाबाईने यज्ञेशला फोन केला. कोलशेतला गेलो. खाडीच्या कडेला त्यांचं जुनं घर, मागे तीस मजल्यांच्या इमारती. माणसं खूप होती. कोणीतरी मला ओळखलं आणि म्हणालं, बुवा आलेत, दोन ओळी म्हणा. मग त्याला माझ्या गळ्यावरचं फडकं दिसलं.

रमाबाईजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, "शेवटपर्यंत ओठ हलत व्हते." मग म्हणाली, "तुमी मागितलाव ना?"

मी मान खाली घातली.

"मी पन मागितला," ती म्हणाली.

परतताना घोडबंदर रोडला ट्रॅफिक तुंबलेला. मी राग यायची वाट बघत होतो. ऑगस्टमध्ये आला तसा. आला नाही. दुःख होतं, भरपूर, छातीत मावत नव्हतं. एका सिग्नलला ध्यानात आलं की ओठ हलताहेत. शिवराम, रमाबाई. शिवराम, रमाबाई. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन काय मागायचं ते मला कळेना, म्हणून मागितलं नाही. नाव तेवढं त्याच्या हवाली केलं.

त्याने माझं ऐकलं नाही. हे स्पष्ट आहे, मला कोणी फसवू नये. पण मग मी आज कोणाशी बोलत होतो, आणि बोलल्यावर बरं का वाटलं?

१ नोव्हेंबर

दिवाळी. सकाळी देवघरात दिवा मी लावला. काडी विझवायला फुंकर मारायला गेलो, ओठ गोल केले आणि काहीच आलं नाही. काडी झटकून विझवली. कमळा दारातून बघत होती. आत आली आणि शेजारी बसली. दोघं बसून राहिलो.

चपला खोक्यातच आहेत.

१५ नोव्हेंबर

शेक संपला. तळघरातल्या टेक्निशियन पोरीने पेढा दिला. मला गिळता येत नाही म्हणून यज्ञेशने खाल्ला. बाकावरच्या माणसांची नावं मला येतात आता, विचारून घेतलेली. निघताना सगळ्यांची एकदा घेतली.

डॉक्टरांनी एक यंत्र दाखवलं. गळ्याला लावून बोलायचं, ओठ हलवले की घरघर आवाजात शब्द निघतात. घरी लावून बघितलं. "सान्वी" म्हटलं. पिठाच्या गिरणीतून कोणी हाक मारावी तसं. ती टाळ्या पिटत म्हणाली, "आजोबा रोबोट झाले, परत बोला." तिला आवडलं. मी कपाटात ठेवलं. कधीतरी काढीन. इतक्यात नाही.

१० डिसेंबर

भोकाच्या बाजूला गाठ लागते आहे. मला आठवड्यापूर्वीच हाताला लागलेली, शेकामुळे असेल म्हणून सांगितलं नाही. आज डॉक्टरांनी सुईने पाणी काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट सोमवारी. त्यांनी 'असेलच असं नाही' असं म्हटलं. या वेळी मी दोन्ही बाजू ऐकल्या.

शीळफाट्याला गाडी अडकली. कंटेनरच्या मागे कंटेनर. यज्ञेश पुढे बघत होता. एकदम स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. चौतीस वर्षांचा आहे. लहानपणी पडला तरी रडायचा नाही. मागचे हॉर्न मारत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काही बोलता येईना, आणि आवाज असता तरी काय बोललो असतो. यज्ञेश, यज्ञेश एवढंच ओठांत म्हणत राहिलो. त्याला ऐकू येणार नव्हतं. ते त्याच्यासाठी नव्हतंच.

घरी पोचल्यावर तो म्हणाला, "आईला सोमवारपर्यंत सांगायचं नाही." मी मानेने हो म्हटलं. कमळा ओटीवर उभी होती. आम्हा दोघांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पाणी आणायला आत गेली. बरं झालं, तिच्या काही लक्षात आलं नाही.

१२ डिसेंबर

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. सकाळी डोळे उघडले की सगळ्यात आधी गाठ आठवते. मग भीती येते. आणि तिच्या मागोमाग असं वाटतं की खोलीत कोणीतरी आहे. काही करत नाही, काही सांगत नाही. आजारी माणसाच्या उशाशी घरचं कोणी बसतं तसं. ऑगस्टच्या आधी हे कधी वाटलं नव्हतं, आणि तेव्हा मी रोज गात होतो.

बरा होईन असा विश्वास नाही माझा. पण एकटा पडेन ही भीती गेली आहे. ही आशा म्हणायची की काय, ते मला ठरवता येत नाही.

१४ डिसेंबर

दत्तजयंती. देवळात संध्याकाळी मंडळाचं भजन. हितेश सकाळी येऊन गेला. "बुवा, तुम्ही नुसते बसा. पेटीजवळ बसा, मला बळ येईल." मी पाटीवर लिहिलं, 'खोकला येतो, आवाज होतो. मागे बसतो.'

खरोखर मागे बसलो, खांबाशी, बायका बसतात तिथे. देवळात जन्म गेला, पण त्या जागी मी कधी बसलो नव्हतो. तिथून देवी अर्धीच दिसते, मधे माणसांच्या पाठी. माझी जागा पुढे असायची, माईक समोर, स्पीकर दोन्ही बाजूंना. मागे काय चालतं ते मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

हितेशने सुरुवात केली. पुरुषांनी झील धरली. मग बायकांनी धरली, दबक्या आवाजात. माझ्या डाव्या हाताला कमळा बसलेली, डोळे मिटून. ती गात होती.

पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं. घरात ती गुणगुणतही नाही. आवाज बारीक आहे, वर जाताना थोडा कापतो, सूर कुठे कुठे खाली उतरतो. माझ्या हाताखालचा कोणी असता तर मी थांबवलं असतं. पण ती कुठेही थांबत नव्हती. समोर कोण आहे, कोण ऐकतंय, याचं तिला भान नव्हतं. हितेशची ओळ संपली, पखवाज पुढच्या ठेक्यावर गेला, तरी तिची ओळ चालूच होती. एकदा माझं नाव आलं मधे. गाण्यात नव्हतं ते.

मला खोकला आला, फडकं धरलं, कफ पुसला. कोणी मागे वळून बघितलं नाही. मी डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागलो. तिच्या आवाजाच्या खाली माझा आवाज नसलेला. आरती होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो.

घरी आल्यावर तिने भात मऊ करून वाढला. मी पाटी घेतली आणि लिहिलं, 'तू छान गातेस.'

तिने चष्मा लावून वाचलं. "मी कुठं गाते," ती म्हणाली. "मी सांगत व्हते त्याला."

मी लिहिलं, 'काय?'

"सगलं." ती ताटावर वाकली, भातात ताक ओतलं, कालवलं. "सोमवारचं पन."

मी पेन खाली ठेवलं. ती वर बघेना. बघितलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, माझे नव्हते.

"जेवा," ती म्हणाली. "गार व्हतं."

जेवलो. हळूहळू गेलं, पण सगळं गेलं. मग आम्ही देवघरासमोर बसलो, ती आणि मी. सोमवारी काय निघेल ते मला माहीत नाही. मला भीती वाटते, ते सांगितलं. तिला ठेव, यज्ञेशला, दिपिकाला, सान्वीला ठेव, रमाबाईला ठेव, ते सांगितलं. माझं नाव घ्यायला गेलो, तर शेजारून ते आधीच घेतलं जात होतं.